शोरील घरच्या घरी: अठरा हजार घालवून झाल्यावर

हरिपूरवाला

मंडळी, गेली चौदा वर्षं सांगलीत हौशी नाटक करतोय. राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या केंद्रावर दोनदा अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं, एकांकिकांची तर मोजदाद ठेवलेली नाही. पोटापाण्याला पतसंस्थेचा वसुली विभाग. वय ३८. मुलगी आता जरा हातावेगळी झाली, म्हटलं मालिका-वेबसिरीजमध्ये काही छोटंमोठं मिळतंय का बघू. एका मित्राने मुंबईतल्या कास्टिंगवाल्याचा, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणाऱ्याचा, नंबर दिला. मी आपला नमस्कार-चमत्कार करून, सगळ्या प्रयोगांची यादी देऊन भलामोठा मेसेज पाठवला. उत्तर दोन शब्दांचं आलं: 'शोरील भेजो.' म्हणजे आपल्या अभिनयाचे तुकडे जोडलेला छोटा व्हिडिओ.

माझ्याकडे होतं काय, तर स्पर्धेच्या प्रयोगाचं चित्रीकरण, तेही शेवटच्या रांगेतून. त्यात मी काडेपेटीतल्या काडीएवढा दिसतो आणि माझ्या संवादांपेक्षा कॅमेऱ्याशेजारी बसलेल्या काकांचा खोकला स्पष्ट ऐकू येतो.

मग एका स्टुडिओचं पॅकेज घेतलं. अठरा हजार. पाच लुक, ड्रेस त्यांचे, एडिटिंग त्यांचं. इन्स्पेक्टर, दारुडा, प्रियकर, गुंड आणि खोट्या मिशा लावलेले पाटील. पार्श्वसंगीत इतकं दणदणीत की मी काय बोलतोय ते मलाच कळेना. शिवाय एका बांधकामाच्या साइटवर मला स्लो मोशनमध्ये चालवलं. एकूण तीन मिनिटं दहा सेकंद.

चाळीसेक जणांना पाठवली. निळ्या टिका दिसल्या, पुढे काही नाही. एका मुलाने मात्र फोन केला. दोन मिनिटं बोलला आणि म्हणाला, 'सर, कुछ नॉर्मल वाला है क्या? जैसे आप अभी बात कर रहे हो, वैसा.' रात्री शोरील पुन्हा लावून बसलो. पोराचं खरं होतं. तीन मिनिटांत मी एकदाही सरळ माणसासारखा बोललेलो नाही.

तर आता स्वतःच करायचं ठरवलं आहे. फोन आहे, रविवार आहे आणि क्यू द्यायला, म्हणजे समोरच्याच्या ओळी वाचायला, बायको तयार आहे. लांबी किती ठेवावी? गाजलेल्या नाटकातलं स्वगत घ्यावं का? घरासमोर रिक्षा स्टँड आहे, त्या आवाजाचं काय करू? ज्यांनी केलं आहे त्यांनी सविस्तर लिहा.

गावठी_गिझर

ते स्लो मोशन चालणं प्रत्येक पॅकेजात सक्तीचं असतं का हो? माझ्या मेव्हण्याच्या शोरीलमध्ये दोनदा आहे. एकदा गॉगल घालून, एकदा काढत. (हलके घ्या.)

नेपथ्या

मी तीन वर्षं अंधेरीत कास्टिंग असिस्टंट होते. आता ते काम सोडलंय, त्यामुळे मोकळेपणी लिहिते.

आधी पलीकडचा माणूस कसा बघतो ते समजून घ्या. ग्रुपवर रिक्वायरमेंट पडते: 'वकील, पुरुष, ३५ ते ४५, मराठी स्वच्छ, एक दिवस, उद्या सकाळी सात.' तासाभरात फोन प्रोफाइलनी भरून जातो. ते सगळं मी रिक्षात बसून बघितलं आहे, वडापाव खात बघितलं आहे आणि अर्ध्या वेळा आवाज बंद ठेवून बघितलं आहे. त्या घटकेला मला एवढंच ठरवायचं असतं की हा माणूस उद्या काळा कोट घालून कोर्टाच्या सेटवर उभा राहिला तर तो वकील वाटेल की कोट भाड्याने आणलेला नट वाटेल. तुमची रेंज वगैरे मला त्या वेळी नको असते. एकाच माणसाची पाच रूपं बघितली की त्यातलं एकही माझ्या लक्षात राहत नाही. खोट्या मिशा असतील तर मात्र तेवढ्याच राहतात!

म्हणून हरिपूरवाला, तुम्हाला उद्या कोण म्हणून बोलावता येईल ते आधी ठरवा. तुमचा फोटो मी बघितलेला नाही, पण ३८ वर्षांचा, पतसंस्थेत वसुलीला असलेला, सांगलीकडचा माणूस म्हणजे बँक अधिकारी, शिक्षक, तलाठी, नायिकेचा मोठा भाऊ किंवा दीर, वकील, साधा हवालदार. मालिकांमध्ये ही माणसं रोज लागतात. त्यातली दोन निवडा. एक शांत, एक चिडलेला किंवा अडचणीत सापडलेला. प्रत्येकी तीस-चाळीस सेकंद. सगळं मिळून दीड मिनिटाच्या वर नको.

सुरुवातीला नावाची फिरणारी सोनेरी अक्षरं नकोत. दोन सेकंद साधी पाटी, लगेच चेहरा आणि लगेच बोलणं. पहिल्या दहा सेकंदांत तुम्ही दिसला नाहीत तर अंगठा पुढे सरकलेला असतो. दुष्टपणा म्हणून नाही, पुढचे शंभर बघायचे असतात म्हणून.

गाजलेलं स्वगत नको. ते मी आधी वीस जणांकडून ऐकलेलं असतं आणि मूळ नट माझ्या डोक्यात असतोच, तुलना तुम्ही स्वतःहून ओढवून घेता. शिवाय स्वगत म्हणजे एकटा माणूस. मालिकेत तुम्हाला कुणाशी तरी बोलायचं असतं, मुख्य म्हणजे कुणाचं तरी ऐकायचं असतं. समोरचा बोलत असताना तुमचा चेहरा काय करतो ते मी बघते.

आणि इंट्रो वेगळी ठेवा, शोरीलमध्ये कोंबू नका. वीस सेकंद, थेट लेन्समध्ये बघून नाव, वय, उंची, शहर, कोणत्या भाषा येतात. मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढून-मागून, एकदा पूर्ण उंचीत. केस आज जसे आहेत तसे दिसू द्या. सहा महिन्यांपूर्वीच्या दाढीतला माणूस बोलावला आणि आला गुळगुळीत, तर बोलणी असिस्टंटला बसतात.

सगळं_सेटिंग

एवढं पुराण कशाला? काम ओळखीवर मिळतं. शोरील, प्रोफाइल ही सगळी नव्या पोरांना नादी लावायची धंदेवाईक थेरं. मी २००९ पासून बघतोय.

नेपथ्या

@सगळं_सेटिंग, अर्धं खरं आहे तुमचं. मालिकेची नायिका चॅनेलशी बोलून, लुक टेस्ट आणि मॉक शूट (चाचणीचं चित्रीकरण) करून ठरते, तिथे कुणाच्या शोरीलने फरक पडल्याचं मी पाहिलेलं नाही. पण एक-दोन दिवसांच्या भूमिका अक्षरशः आदल्या संध्याकाळी भरल्या जातात. तिथे ओळख म्हणजे काय, तर असिस्टंटच्या फोनमध्ये तुमची फाइल सापडणं.

म्हणून फाइलला नाव द्या. नाव, वय, उंची, शहर, सगळं फाइलच्या नावातच. मला येणाऱ्या निम्म्या फाइलींचं नाव 'फायनल न्यू फायनल २' असायचं. दोन दिवसांनी 'तो सांगलीचा शांत बँकवाला' शोधायचा तर कुठे शोधणार?

आणखी एक, सांगलीत असणं हा तोटाच आहे असं समजू नका. ठाण्यात घोडबंदरला किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत शूट असेल तर एका दिवसासाठी सांगलीहून कुणी बोलावणार नाही, ते खरं. पण साताऱ्याला, वाईला, कोल्हापूरला युनिट उतरलं की स्थानिक माणसं लागतात, कारण मुंबईहून नट आणला की प्रवास आणि राहणं आलं. मेसेजमध्ये पहिल्याच ओळीत लिहा: 'सांगली, कोल्हापूर, सातारा भागात स्वतःच्या सोयीने येऊ शकतो.'

ट्रायपॉड_तात्या

लग्नाचे व्हिडिओ करतो, कराड. नट नाही, पण कॅमेऱ्यामागे वीस वर्षं गेली. फोनवरच करायचं म्हणता, तर हे बघा.

सेल्फीचा कॅमेरा वापरू नका, मागचा वापरा. लेन्स शर्टाच्या टोकाने पुसा. हसू नका, निम्मे व्हिडिओ बोटांच्या तेलाने धुरकट येतात. फोन आडवा. आणि फोन तोंडाजवळ नको! फोनची मुख्य लेन्स वाइड असते, जवळून घेतलं की नाक मोठं आणि कान गायब. पाच-सहा फूट लांब ठेवा आणि दोन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती घ्या. छातीपासून वर एवढी फ्रेम.

उजेड खिडकीचा. खिडकी पाठीमागे नको, समोर किंवा जरा तिरकी. चेहऱ्याची दुसरी बाजू काळी पडते, तिथे थर्माकोलची शीट उभी करा. गणपतीच्या मखराची जुनी माळ्यावर पडलेली असेलच कुणाच्या तरी. नसेल तर पांढरी चादर. सकाळी नऊ ते अकरा किंवा चारनंतर. थेट ऊन तोंडावर घेऊ नका.

ट्यूबलाइटखाली करणार असाल तर आपल्याकडे एक भानगड आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोन बहुतेक करून सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेला असतो आणि शटर आपल्या मनाने बदलत राहतो, मग चित्रात काळपट पट्टे सरकताना दिसतात. फ्रेम २५ वर ठेवा आणि शटर १/५० सेकंदावर. आयफोनमध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये 'पाल फॉरमॅट' चालू केलं की २५ चा पर्याय येतो. अँड्रॉइडला प्रो व्हिडिओ मोड असेल तर त्यात, नाहीतर ब्लॅकमॅजिकचं कॅमेऱ्याचं ॲप फुकट आहे, बऱ्याच फोनवर चालतं. हे सगळं जमत नसेल तर ट्यूब बंद करा आणि खिडकीपाशी या. देवाने दिलेला दिवा लुकलुकत नाही.

पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि उजेड लॉक होतो. नाहीतर तुम्ही हात हलवला की चित्र उजळतं-मावळतं.

ट्रायपॉड नसेल तर स्टूल, त्यावर तांदळाचा डबा, त्यावर फोन रबरबँडने. उंची डोळ्यांच्या रेषेत. खालून घेतलं की हनुवटी दोन दिसतात, ज्यांना एकच आहे त्यांनाही.

आता आवाज. लोक चित्राला मरतात आणि आवाजाने मार खातात. रिकामी खोली घुमते, म्हणून भरलेल्या खोलीत करा. कपाट उघडं ठेवा, फ्रेमच्या बाहेर गाद्या-गोधड्या टांगा. पंखा बंद, फ्रिज बंद. (फ्रिज नंतर चालू करायला विसरू नका. आमच्याकडे एकदा आठ लिटर दूध नासलंय, सौ. अजून काढते.) साधा कॉलर माइक हजाराच्या आत मिळतो. तोही नसेल तर दुसरा फोन घ्या, एरोप्लेन मोडवर टाका, रेकॉर्डिंग चालू करून शर्टाच्या खिशात ठेवा आणि टेकच्या आधी एक टाळी वाजवा. नंतर दोन्ही फोनमधली टाळी जुळवली की आवाज ओठांवर बसतो. आणि काही न बोलता अर्धा मिनिट खोलीचा नुसता आवाज घेऊन ठेवा, कापाकापीच्या जागा बुजवायला उपयोगी पडतो.

रिक्षा स्टँडचं म्हणाल तर जेवणाच्या वेळी करा. दोन ते तीन. उजेडाची वेळ थोडी चुकेल, पण रिक्षावालेही जेवतात.

चहाचा_घोट

तात्या, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा होता. वाचनखूण साठवली. कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं का मग?

नेपथ्या

इंट्रोत हो, सीनमध्ये नाही. क्यू देणाऱ्याला लेन्सला जवळजवळ चिकटून उभं करा, डोळ्यांच्याच उंचीवर. तो लांब कोपऱ्यात उभा राहिला तर तुमचा एकच कान दिसतो. आणि क्यू हळू आवाजात, सपाट. मी एक टेप पाहिली होती, त्यात पडद्याबाहेरचे काका असे काही कळवळून बोलत होते की दिसणारा मुलगा बिचारा प्रेक्षक झाला होता.

वडसावाली

मी गडचिरोलीकडच्या देसाईगंज-वडसा भागातली, झाडीपट्टी रंगभूमीवर, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत, अठ्ठावीस वर्षं काम केलं. वय ५४. आमच्याकडे दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात, रात्रभर चालतात, गावच्या गाव मंडपात बसतं. मागच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे म्हणून छातीतून बोलायची सवय. भाच्याने फोनवर एक सीन घेऊन दाखवला, तर मीच मला घाबरले! भुवया कपाळावर, हात वाऱ्यावर. हे कमी कसं करायचं? 'कमी कर' म्हटलं की नुसतं हळू बोलते आणि सगळं मेल्यासारखं होतं.

दुसरं, माझी बोली. पुण्यामुंबईची भाषा बोलते मी, पण ती बोलताना जिभेवर पाय ठेवून चालल्यासारखं वाटतं. शोरीलमध्ये कोणती बोलू?

हरिपूरवाला

ताई, नमस्कार. तुमच्या पहिल्या प्रश्नाने मीही गेले दोन रविवार हैराण आहे, म्हणून मला काय सापडलं ते लिहितो.

सीन मीच लिहिला. पतसंस्थेतला. माझे शाळेतले सर कर्जाच्या हप्त्याला मुदत मागायला आलेत आणि मला नाही म्हणायचं आहे. असा प्रसंग माझ्यावर खरंच आलेला आहे, थोडा बदलला. चाळीस सेकंद. सरांच्या ओळी बायको वाचत होती, तात्यांच्या तांदळाच्या डब्याशेजारी स्टुलावर बसून.

पहिले बारा टेक वाया गेले. ते मोठ्या पडद्यावर लावून बघितले तेव्हा चूक दिसली. मी मोठा करत होतो असं नाही, मी लवकर करत होतो. सरांचं वाक्य संपायच्या आत माझा चेहरा पडलेला असायचा, कारण ते काय म्हणणार हे मला पाठ होतं. रंगमंचावर हे खपतं. तिथे दहाव्या रांगेपर्यंत पोचायला प्रतिक्रिया जरा आधीपासून बांधावी लागते. इथे कॅमेरा दोन हातांवर, त्याला तुमची पापणीसुद्धा दिसते, आणि पापणी आधीच हलली की लबाडी उघडी पडते.

बायकोने यावर तिचा उपाय काढला. मला न सांगता ओळी बदलायला लागली. एकदा 'तीन महिने थांब' ऐवजी 'एक महिना थांब' म्हणाली. एकदा काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली. आणि एकदा सरांच्या आवाजात, 'गॅसच्या माणसाचे पैसे दिलेस का?' तो टेक अर्थातच गेला, पण त्यानंतरच्या टेकमध्ये ती काय बोलेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मला खरंच कान देऊन ऐकावं लागलं. तो सतरावा टेक. तोच ठेवला.

हात मांडीखाली दाबून बसण्याचा सल्ला एका मित्राने दिला होता, त्याने खांदेच आखडले. त्यापेक्षा हाताला काम दिलं. पासबुकावर शिक्का मारायचा, मग शाईच्या पॅडचं झाकण लावायचं. झाकण नीट बसत नव्हतं, तेवढी माझी मदत झाली.

नेपथ्या

हरिपूरवाला, हा सीन मी न बघताच सांगते, तीन मिनिटांची जुनी फाइल डिलीट करा.

वडसावाली ताई, बोली तुमचीच ठेवा. एक क्लिप तुमच्या बोलीत, एक प्रमाण मराठीत, आणि फाइलच्या नावात तसं लिहा. विदर्भातलं कथानक असलं की ती बोली खरी बोलणारी बाई शोधताना आम्ही कपाळाला हात लावून बसायचो. मुंबईत वाढलेल्या मुली 'काऊन' आणि 'मले' एवढे दोन शब्द पेरून निभावतात, आणि नागपूरचा प्रेक्षक हसतो. पन्नाशीच्या पुढची, बोली जाणणारी, भीड चेपलेली बाई तर दुर्मीळच.

आणि तुम्ही मोठं करता ते घालवू नका, फक्त माणूस जवळ आणा. मंडपातल्या शेवटच्या रांगेशी बोलताय असं समजू नका, चुलीपाशी शेजारी बसलेल्या सुनेशी बोलताय असं समजा. तिच्या मांडीवर झोपलेलं बाळ आहे. आवाज आपोआप उतरेल, ताकद राहील.

गावठी_गिझर

सून ऐकत असेल तर.

निमशहरी

नेपथ्याताई, नेटवर एखाद्या हिंदी सिनेमातला सीन तसाच करून टाकलेला चालतो का? आणि मागे गाणं टाकलं तर?

नेपथ्या

सीन तसाच केला तर पुन्हा तुलनेचाच प्रश्न. गाणं टाकू नका. यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते आणि हक्क ज्याचा आहे त्याच्या मर्जीवर व्हिडिओ अडवला जाऊ शकतो. तो तसा अडला नाही तरी मला तुमचा आवाज ऐकायचा आहे, व्हायोलिन नाही. मराठी नाटकातला उतारा घेणार असाल तर लेखकाला विचारा, विशेषतः नवा लेखक असेल तर. पाच मिनिटांचा फोन असतो आणि बहुतेक लेखक खूश होतात.

पाठवण्याबद्दलही सांगून टाकते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबून बारीक होतो आणि चेहरा पिठूळ दिसतो. डॉक्युमेंट म्हणून जोडा, मग जसाच्या तसा जातो. किंवा यूट्यूबवर 'अनलिस्टेड' करून लिंक द्या. ड्राइव्हची लिंक देत असाल तर परवानगी 'लिंक असलेल्या कुणालाही' अशी करा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघा. परवानगी मागणारी लिंक मी तीन वर्षांत एकदाही दुसऱ्यांदा उघडलेली नाही. फोन नंबर व्हिडिओत छापू नका, मेसेजमध्ये लिहा.

ट्रायपॉड_तात्या

कापाकापीला लॅपटॉप बरा असेल तर दा विंची रिझॉल्व्हची फुकटची आवृत्ती पुरून उरते, छाप येत नाही. फोनवरच्या बऱ्याच फुकट ॲपांत कोपऱ्यात कंपनीचं नाव उमटतं, ते बघून घ्या. आणि रंग-बिंग करत बसू नका. माणूस हळदीला बसल्यासारखा दिसायला लागतो.

सगळं_सेटिंग

हे सगळं ठीक, पण पैसे मागणाऱ्यांबद्दल कुणी बोलत नाही. मी २००९ साली 'रजिस्ट्रेशन' म्हणून एका ऑफिसात साडेसात हजार भरले होते. महिन्याने गेलो तर तिथे टूर्स अँड ट्रॅव्हल्सची पाटी.

नेपथ्या

म्हणून तुमचा राग आहे होय. समजलं.

सगळ्यांसाठी: भूमिकेसाठी नटाने पैसे द्यायचे नसतात, नट घेतो. रजिस्ट्रेशन, आर्टिस्ट कार्ड, 'डायरेक्टरला भेटवतो', 'आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा', काहीही नाव असो, तिथून उठा. मुलींनी आणि बायकांनी आणखी एक: रात्री मेसेज करून 'बोल्ड कम्फर्ट बघायला' व्हिडिओ मागणारा माणूस कास्टिंगवाला नसतो. आणि काम मिळालं तरी पैसे लगेच हातात पडत नाहीत, नव्वद दिवसांचा हिशोब धरा. वसुली विभागाला हे अवघड जाईल.

हरिपूरवाला

वसुलीला नव्वद दिवस म्हणजे आमच्याकडे थकीतच हो.

असो. दुसरा सीनही झाला, हा चिडलेला. मोठा भाऊ बहिणीच्या सासरी फोन करतो. इथे तात्यांच्या सल्ल्याने दोन ते तीनमध्ये बसलो, पण रिक्षावाले त्याच वेळी भांडत होते. शेवटी बाहेर जाऊन विनंती केली. 'शूटिंग आहे' म्हटल्यावर सगळे आत बघायला आले. त्यांच्यातल्याच एकाने थर्माकोल धरलं, फारच स्थिर हात.

नेपथ्याताईंना दोन्ही क्लिप व्यक्तिगत निरोपातून पाठवल्या होत्या. त्यांनी पहिल्या क्लिपमधली सुरुवातीची सहा सेकंदं उडवायला सांगितली, ज्यात मी चष्मा काढून पुसतो. मला ती फार आवडली होती. दोन दिवस वाद घातला, मग उडवली. आता दोन्ही मिळून एक मिनिट चार सेकंद. कोल्हापूरच्या दोघांना आणि मुंबईच्या सहा जणांना पाठवली आहे. एकाने 'नोटेड' एवढं लिहिलं. मागच्या वेळी तेवढंही नव्हतं.

वडसावाली

मी या रविवारी बसते. दिवाळी तोंडावर आली, एकदा वडस्याचे प्रयोग सुरू झाले की होळीपर्यंत दिवसा नुसती झोप. सून घेतली आहे समोर, म्हणजे खरीच, नातू मांडीवर घेऊन बसणार आहे. भाच्याला लेन्स पुसायला सांगितली. घरी थर्माकोल नाही, पण धानाची पांढरी पोती आहेत, ती चालतील का तात्या?

ट्रायपॉड_तात्या

पळतील! फक्त छापील बाजू मागे करा, नाहीतर गालावर कंपनीचा लाल रंग येईल.